बॉनेटखालचे हात

दारव्हा, मंगळवार

प्रिय निकिता,

परवा फोनवर तू एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होतीस, की मीच ती खटारा गाडी पाठवली आणि मीच बाबांचं डोकं फोडलं. म्हणून आधी गाडीचंच लिहिते. दवाखान्यात येऊन गेलीस तेव्हा तुझ्याभोवती सतत माणसं होती, त्या दिवशी काय झालं ते नीट कोणीच सांगितलं नाही. गाडीत तिघंच होतो आम्ही. तुझे बाबा, आम्हा सगळ्यांचे नानाजी, बोलत नाहीत, माझा भाऊ इमरानभाई तर मुळीच नाही. उरले मी.

तुझ्या गाडीत मोठा दोष नव्हता ग. नानाजींचे गुडघे एसटीची पायरी चढू देत नाहीत म्हणून तू ती जुनी गाडी घेतलीस, पुण्याहून ड्रायव्हरनं बोरीला घरी आणून दिली, आणि चार दिवसांत तिचा इंजिनाचा पिवळा दिवा लागला. शिवाय चालता चालता बंद पडायला लागली. बोरीतल्या एकानं प्लग बदलले, पेट्रोलचा फिल्टर बदलला. दिवा विझायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लागायचा. शेवटी नानाजी रस्त्यात थांबत थांबत ती आमच्या गॅरेजला घेऊन आले आणि भाईला म्हणाले, "पोरीनं एवढ्या हौसेनं पाठवली बाप्पा, बिघडली म्हनून तिले सांगू कसा?"

भाईनं स्कॅनर जोडला. इंजिन किती वेगानं फिरतंय ते गाडीच्या कॉम्प्युटरला कळवणारा एक छोटासा सेन्सर असतो, त्याचा संशय आला. थंड असताना ठीक आणि तापला की मुका. पण नुसत्या संशयावर भाई पार्ट बदलत नाही. गाडी पळवून गरम करू, बंद पडते त्या क्षणी स्कॅनरवर काय दिसतं ते पाहू, असं ठरलं. त्या शनिवारी सकाळची शाळा शिकवून मी नुकतीच घरी आले होते. मशीन धरायला कोणी हवं म्हणून मला पुढं बसवलं, भाई चालवायला, नानाजी मागं. आम्ही नेरच्या रस्त्याला लागलो. भाईनं समजावलं होतं, "फेऱ्यांचा आकडा हळूहळू उतरला तर पेट्रोलचा दोष. गाडी चालत असताना एकदम शून्य झाला तर सेन्सर. नजर हलवू नको."

त्या रस्त्यावरच्या जिनिंग मिलसमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागली आहे हे आम्हाला माहीत होतं. यंदा बोंडअळीनं अर्धं रान खाल्लं, राहिलेला कापूस घेऊन लोक आले तर खरेदीच बंद. तुझा भाऊ नयनही ट्रॅक्टर घेऊन आठवडाभर तिथंच मुक्कामाला होता. तू पाठवलेली गाडी त्यानं अजून पाहिलीसुद्धा नव्हती. जे आम्हाला माहीत नव्हतं ते असं, की त्या सकाळी कोणा व्यापाऱ्याची पांढरी गाडी रांगेत घुसली, एका म्हाताऱ्याला उडवून पळून गेली, आणि लोकांनी रस्ता अडवला होता. आणि आम्ही आलो पांढऱ्या गाडीतून.

जिनिंगच्या फाटकासमोरच इंजिन गेलं. आकडा एकदम शून्य. मी आनंदानं ओरडले, "शून्य, भाई, शून्य!" भाई हसला. "सापडला," म्हणाला. तेवढ्यात पहिला दगड समोरच्या काचेवर आला.

दुसरा मागच्या दाराच्या काचेतून आत येऊन नानाजींच्या कपाळावर बसला. "तेच गाडी हाय, पांढरी, सोडू नका!" असं कोणीतरी ओरडलं आणि माणसं धावत आली. बहुतेकांची तोंडं दुपट्ट्यानं बांधलेली. भाई पळू शकला असता. मी पळू शकले असते. पण नानाजींचे गुडघे, आणि डोळ्यांत उतरलेलं रक्त. भाईनं पाण्याची बाटली उचलली, मला म्हणाला, स्टीअरिंगवर बस, मी सांगितलं की चावी फिरव. उतरून त्यानं बॉनेट उघडलं आणि दगड अंगावर घेत त्या तापलेल्या सेन्सरवर पाणी ओतत राहिला. थंड झाला की गाडी सुरू होणार एवढं त्याला ठाऊक होतं. बाजूच्या फुटलेल्या काचेतून एकानं बैलगाडीच्या कडेचा दांडा, उभारी, माझ्या खांद्यावर हाणली. मला समोरचं काही दिसत नव्हतं, उघडलेलं बॉनेट तेवढं. भाई ओरडला, मी चावी फिरवली, आणि निकिता, गाडी सुरू झाली. खरंच सुरू झाली.

बॉनेट लावायला त्यानं हात काठावर आणले असतील. कोणीतरी ते वरून आपटलं. ते खाली आलं तसा मला तो माणूस दिसला, तोंडाला दुपट्टा, आणि भाईचे दोन्ही हात पत्र्यात अडकलेले. त्यानं बॉनेट थोडं उचललं आणि पुन्हा आपटलं, या वेळी वर अंग टाकून. बोटं मोडतात तेव्हा आवाज कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीसारखा येतो. भाई खाली कोसळला, एक हात निघाला होता आणि उजवा अडकूनच होता, आणि लोक त्याला लाथा मारत होते. त्याच्या पोटात, पाठीत, तोंडावर. मी हॉर्न दाबून धरला होता. कशासाठी, माहीत नाही.

मग नानाजी दार धरून खाली उतरले. बॉनेटवरच्या माणसानं त्यांना पाहिलं. त्याचे हात सुटले आणि तो कापसाच्या गाड्यांमध्ये पळाला. "अरे, हे तं आपले नानाजी!" असं मग कोणी म्हणालं, आणि गर्दी जशी आली तशी पांगली.

आम्हाला उचललं ते धरमसिंगनं. काळीपिवळीवाला, तांड्यावरचा, त्याची जीप आमच्या मागं अडकली होती. त्यानं आपल्या शर्टात भाईचा हात गुंडाळला आणि जीप शेतातून काढून दारव्ह्याला आणली. पोलिसांना त्याच्या अंगावर आणि सीटवर रक्त दिसलं, जीपमध्ये जॅकचा दांडा सापडला. मारणारा तोच म्हणून त्यांनी त्याला धरलं, आज तो कोठडीत आहे. त्याची बायको हंसाबाई रोज दवाखान्यात आमच्यापाशी येऊन बसते. काही मागत नाही. भाईकडं नुसती पाहते.

भाईची दोन बोटं गेली, राहिलेली वळत नाहीत. पाना धरता येत नाही. पोलीस आले तेव्हा तो म्हणाला, मले काही दिसलं नाही. नानाजी म्हणाले, "तोंडं बांधून होते, मी कोनालेच ओयखलं नाही." मला कोणी विचारलंच नाही.

निकिता, बॉनेटवरचा तो माणूस नयन होता. नानाजी उतरले तेव्हा ओरडले नाहीत, हळूच म्हणाले, "नयन." त्याचा दुपट्टा गळ्यात घसरला होता, मी हातभर अंतरावर होते. गाडी कोणाची, हात कोणाचे, हे त्याला माहीत नव्हतं, यावर माझा विश्वास आहे. तो रोज दवाखान्यात येतो, बापाला चहा पाजतो, भाईच्या खाटेपाशी बसून रडतो. नानाजी आणि भाईसाठी मी गप्प राहिले असते. पण काल कळलं की भाईला धरमसिंग मारत होता, मी पाहिलं, अशी साक्ष नयननं दिली आहे. शुक्रवारी मी जबाब द्यायला जाणार आहे. भाई म्हणतो, आपल्याले याच गावात राहाचं हाय, जाऊ नको. नानाजींनी मला हात जोडले, माझ्या बापाच्या वयाचा माणूस. तरी जाणार आहे. तुला हे दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून लिहिलं, आणि मध्ये दोन दिवस आहेत म्हणून लिहिलं. पत्र आज ट्रॅव्हल्सवाल्याच्या हाती देते, उद्या सकाळी तुला मिळेल. तू ये. नयन कोणाचं ऐकत असेल तर तुझं. त्यानं स्वतः जाऊन सांगितलं तर मी त्याच्याबरोबर ठाण्याची पायरी चढेन, बाहेर थांबेन, त्याला घरी घेऊन येईन की नाही ते माहीत नाही. नाही आला, तर मी आणि हंसाबाई जाऊ.

यानंतरही मैत्रीण मानलंस, तर तुझीच,
नाहिद