डिझेलवर चालणारं शिलाई मशीन

४ जून
बँकेने परत पाठवलं! कर्ज हवं तर तीन वर्षांची इन्कम टॅक्स रिटर्न्स आणा म्हणे. हे गेल्यापासून शिलाई मशीनच्या दुरुस्तीचं दुकान मी चालवते, पण कागदपत्रं भाऊजींकडे. धाकटे दीर, हिशेबात हुशार. फोन केला. "बघतो, वहिनी." तीनदा केला. तीनदा "बघतो".

७ जून
व्यापारी संघाच्या हॉलमध्ये छोट्या दुकानदारांसाठी मोफत कर-मार्गदर्शन होतं. गेले. पंख्याखालच्या खुर्च्या आधीच गेलेल्या. सल्लागार बाई सांगत होत्या — घरखर्च वेगळा, धंद्याचा वेगळा, पावत्या जपा, वाचल्याशिवाय सही करू नका. शेजारचा न्हावी कुजबुजला, "वाचायला वेळ असता तर धंद्यात कशाला पडलो असतो!"

शेवटी बाईंना बिलबुकावरचा नोंदणी नंबर दिला. त्यांनी कॉम्प्युटरवर टाकला. थांबल्या.

"ताई, इथे मालक म्हणून तुमचं नाव नाही."

भाऊजींचं आहे.

८ जून
भाऊजी घरी नव्हते. त्यांच्या कपाटातून फाइल काढली. सासूबाई दारात आडव्या — "घरातलं बाहेर न्यायचं नाही." नेलं.

सल्लागार बाईंनी चष्मा कपाळावर चढवला, पान डोळ्यांजवळ धरलं. माझं नाव सापडलं! 'मदतनीस — पगार' या ओळीत. अकरा वर्षं हात तेलात, आणि मदतनीस.

मग खर्चाचं पान. बाईंचं बोट एका ओळीवर. "ताई, हे डिझेल कोणत्या मशीनला लागतं?"

दोघी फिस्सकन हसलो. मग मला हसू येईना. भाऊजींची गाडी! तिचं डिझेल, टायर, विमा — सगळं माझ्या दुकानाच्या नावावर.

९ जून
एका गिऱ्हाइकाच्या मशीनला शटल उलटं बसवलं. पहिल्यांदाच.

१२ जून
आज भाऊजींना विचारलंच.

"दादा गेला तेव्हा तुम्ही दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून बसायचात, वहिनी. कुणीतरी सही करायलाच हवी होती."

खरं आहे. तेच तर बोचतं!

"आणि नंतर?"

"नंतर... राहून गेलं."

"डिझेलही राहूनच गेलं का?"

भाऊजी चहा तसाच टाकून उठले.

२० जून
आयकर खात्याची नोटीस आली, जुन्या रिटर्न्सच्या तपासणीतली. भाऊजींच्या नावे. गाडीचा खर्च नामंजूर. कर, व्याज, दंड. नऊ दिवसांनी सुनावणी. बरं झालं — असं वाटलं. मग लाज वाटली. मग पुन्हा बरं वाटलं. एका जागी बसवत नाही.

२१ जून
सकाळी सातलाच भाऊजी दारात. दाढी वाढलेली. हातात भागीदारीचा करार — तारीख अकरा वर्षांपूर्वीची!

"तुमचा हक्कच आहे, वहिनी. एक सही करा."

'भागीदार-मालक' या शब्दापुढे माझं नाव टाइप केलेलं. किती वेळ बघत बसले! पेन हातात घेतलंसुद्धा. मग काय वाटलं कोण जाणे, बाईंना फोन लावला.

"ताई, दुकान तुम्ही चालवलंत हे खरं. पण हा कागद खोटा. शिवाय त्याच्याबरोबर अर्धा दंडही तुमच्या गळ्यात."

दंडाचं मला सुचलंच नव्हतं. भाऊजींना सुचलं होतं का? त्यांच्याकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. पेन खाली ठेवलं.

२२ जून
सासूबाईंनी बोलणं टाकलंय. भांडी तेवढी बोलतात.

२६ जून
माझ्या नावाने नवी नोंदणी. बाई शेजारी बसल्या, फॉर्म मला भरायला लावला. 'व्यवसाय सुरू केल्याची तारीख' — आजची. बोटं तिथेच अडली. अकरा वर्षं गेली कुठे मग? बाई म्हणाल्या, "ती कागदावर नाहीत, ताई. काय करणार?" भरली. खरी तारीख, आणि तरी खोटी वाटणारी.

घरी येताना मध्येच रडू आलं. मूर्खासारखं!

२९ जून
सुनावणीहून भाऊजी थेट दुकानात आले. काउंटरवर एक कागद ठेवला आणि निघाले. त्यांच्या जबाबाची प्रत — "दुकान भाऊ वारल्यापासून वहिनीच चालवतात. मी नावापुरता मालक. गाडीचा खर्च माझा, दंड मी भरेन."

मी पायरीपर्यंत धावले. "अर्धा मी देते" — ओठांवर आलं होतं.

बोलले नाही. "जेवून जा," म्हटलं.