पुसलेला तेरा

गुरुवार, १० ऑक्टोबर २०१९

१. काल सकाळी साडेनऊला मामाची प्रवासी व्हॅन घेऊन माझा मामेभाऊ एपारामा गॅरेजमध्ये आला. चालकासमोरच्या फलकावर इंजिनाचा दिवा पेटलेला. दुपारी दोनला फिटनेस तपासणी.
२. मी निदानपेटीतल्या दोन खाचा तारेच्या तुकड्याने जोडल्या. दिवा एकदा लुकलुकला, थांबला, मग तीनदा. म्हणजे दोष क्रमांक तेरा. इंजिनाच्या फेऱ्यांचा इशारा चालता चालता तुटतो आहे.
३. मी फ्यूज काढला, तीस आकडे मोजले, परत बसवला. नोंद पुसली गेली. दिवा विझला.
४. दहा मिनिटं चालवून पाहिली. इंजिन धड तापलंही नव्हतं. तेरा परत आला नाही.
५. जॉबकार्डवर लिहिलं – दोष नाही.
६. व्हॅन तपासणीत पास झाली.
७. साडेचारला सावुसावूच्या घाटात, उताराच्या वळणावर ती वळली नाही. डावीकडच्या चरात गेली. आत बसलेल्या मकेरेताकाकूंचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला. बाकीच्या सहा जणांना खरचटलं. एपारामाला काही नाही.

यातलं पाचवं खोटं आहे. ते मी लिहिलं.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

असं का केलं, ते लिहून ठेवते.

हा दोष गरम झाल्यावरच दिसतो. इंजिनाच्या डिस्ट्रिब्युटरमधली तार तापते, तुटते, इंजिन बंद पडतं; निवली की पुन्हा जुळते. मला हे माहीत होतं. आधी लिहायचं, मग पुसायचं, मग तासभर तापवून बघायचं – सुवाच्या तंत्रशाळेत पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. पण सुटा भाग नादीहून बोटीने यायला आठवडा लागला असता. एपारामा दाराला टेकून उभा. "काय ग तोकासा, दोन वर्षं सुवाला राहून साधा दिवा विझवता येत नाही? बाबांनी तुझ्या शिक्षणाला घातलेले पैसे वाऱ्यावर गेले म्हणायचे."

आमच्यात मामेभावाने असंच बोलायचं असतं आणि मी त्याच्या दुप्पट बोलायचं असतं. मी म्हटलं, "तुला दिवा पेटलेला कळला, हेच पुष्कळ." आणि फ्यूज उपटला. त्याला दाखवायचं होतं मला. एवढंच.

सोमवार, १४ ऑक्टोबर

परिवहन कार्यालयातून निरीक्षक आले. व्हॅन आमच्याच गॅरेजच्या मागे आणून ठेवलीय. अशा गाडीचं शिकलेलं जवळपास दुसरं कोणी नाही, म्हणून दोष वाचायला मलाच सांगितलं.

ओढून आणताना आग लागू नये म्हणून बॅटरी काढली होती. म्हणजे जे काही नोंदलं गेलं असेल तेही गेलं. बॅटरी जोडून मी तार लावली. दिवा भराभर, सारख्या अंतराने लुकलुकू लागला. दोष नसलेली गाडी अशीच लुकलुकते. आठवणच नसलेली गाडीही.

"काय म्हणते?"

"नोंद नाही."

शब्दन् शब्द खरा. त्यांनी लिहून घेतलं. एपारामाने सांगितलं होतं की स्टिअरिंग एकदम जड झालं, ब्रेक लाकडासारखा. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्या जॉबकार्डाकडे. त्याचा परवाना जमा केला. चौकशीचा निकाल अठरा नोव्हेंबरला.

इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जडच होतं. ब्रेकही दगडच होतो. हे एक वाक्य मी बोलले नाही.

शनिवार, १९ ऑक्टोबर

मामा माफी मागायला गेले. मकेरेताकाकूंच्या गावी. नवी चटई, मानाचं पेय करतात त्या यांगोनाच्या मुळांची जुडी, आणि आजोबांच्या वेळचा तांबुआ – व्हेलचा दात, हाताळून हाताळून मधाच्या रंगाचा झालेला. घरात तो एकच होता.

बहिणीची मुलगी म्हणून मीही गेले. दारातून वाकून आत, सगळ्यांच्या मागे बसले. मान खाली. मामांनी तांबुआ दोन्ही हातांवर धरला. म्हणाले, "माझ्या मुलाच्या हातून तुमचं माणूस मोडलं. आम्ही तुमच्या पायाशी आलो आहोत." ते गुडघ्यांवर होते. सत्तरीचा माणूस.

पलीकडच्या वडीलधाऱ्यांनी तो घेतला. रीतीच्या टाळ्या वाजल्या. एकदा घेतला की विषय मिटला. पुन्हा कोणी कोणासमोर काढायचा नाही.

परत येताना मामी माझा हात धरून म्हणाल्या, "तू आलीस, बरं वाटलं. तुझा काही संबंध नसताना."

मंगळवार, २२ ऑक्टोबर

एपारामा ऊसतोडीला जायला लागला. भेटला. "कशी आहेस, ताई?" म्हणाला.

ताई. आमच्यात आतेबहिणीशी थट्टा करतात, बहिणीशी नाही.

रविवार, २७ ऑक्टोबर

दिवाळी. गॅरेज बंद. बिसुनकाकांनी घरी बोलावून मिठाई दिली. गॅरेज त्यांचं, म्हणून त्यांना सांगितलं. ते बराच वेळ पणतीची वात सारत बसले.

"बेटी, ते लोक आपसात मिटवून बसले आहेत."

"ते लोक म्हणजे मीच, काका."

"मग तर तूच जास्त समजतेस." मिठाई पुढे सरकवत म्हणाले, "कार्डावर गॅरेजचं नाव आहे. पण सही तुझी. मी तुला थांबवणार नाही. 'सांग' असंही म्हणणार नाही."

शनिवार, २ नोव्हेंबर

एपारामाला सांगितलं. फडाच्या कडेला, त्याच्या जेवणाच्या सुट्टीत. तेरा, फ्यूज, कार्ड, निरीक्षक – सगळं, क्रमाने.

तो कसावाच्या कंदाचा तुकडा हातात धरून ऐकत राहिला. मला वाटलं होतं, ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"म्हणजे मी झोपलो नव्हतो," म्हणाला. "गेले तीन आठवडे मी स्वतःलाच विचारतोय, डुलकी लागली होती का मला."

मग म्हणाला, "कोणाला सांगू नकोस. बाबा गुडघ्यांवर गेले त्यांच्यासमोर. आता ते उगाच गेले म्हणून सांगू? तुला हलकं व्हायचंय, ताई. आणि भार पुन्हा आम्ही उचलायचा."

मी हो म्हटलं.

रविवार, ३ नोव्हेंबर

त्याने नको म्हटलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. हेही लिहिलं पाहिजे.

शनिवार, ९ नोव्हेंबर

बाजारात मकेरेताकाकू. हात प्लास्टरमध्ये, डाव्या हाताने दालोच्या, म्हणजे अळूच्या कंदांच्या, जुड्या बांधत होत्या. दोरीचं एक टोक दातात. मी न विचारता शेजारी बसले, जुड्या बांधू लागले.

"तू यंत्रवाली ना? त्या दिवशी मागे बसली होतीस, उंदरासारखी."

"हो, काकू."

"मग एक सांग. गाडी घसरायच्या आधी आवाज का गेला? एवढं शांत झालं की माझ्या टोपलीतली अंडी एकमेकांवर आपटलेली मला ऐकू आली. मग घसरली. आधी शांत, मग घसरली."

"हे कोणाला सांगितलंत?"

"विचारलं कोणी? सगळे हात बघायला यायचे. आणि मग म्हातारा तो दात घेऊन आला. एवढ्या लांबून. त्याला काय म्हणणार, थांब, आधी इंजिनाचं बोलू?"

एपारामाला दिलेला शब्द मी तिथेच मोडला. दालोच्या ढिगामागे बसून, हळू आवाजात. काकू ऐकत होत्या. एक गिऱ्हाईक आलं, त्याला हाताने पुढे जा म्हणाल्या.

मी म्हटलं, "माफ करा म्हणायला आले नाही. अजून तो हक्क नाही मला."

"नाहीच." त्यांनी जुडी माझ्या हातातून काढून घेतली. "हे बांधणं आहे की गळफास? सैल बांध." मग जुडी ढिगावर ठेवून – "म्हणजे आम्ही चुकीच्या हातून दात घेतला. तो आमच्या घरी ठेवता येणार नाही. आम्हालाच तुझ्या मामाकडे जावं लागेल, त्या पोराची माफी मागायला. या हाताने! सगळा गाव गोळा करायचा, यांगोना आणायचा. बघितलंस, तुझ्या एका फ्यूजने किती माणसं कामाला लावलीस?"

हसल्या नाहीत. मीही नाही.

सोमवार, ११ नोव्हेंबर

परिवहन कार्यालयात स्वतः जाऊन पत्र दिलं. दहा ऑक्टोबरच्या नोंदीतले सातही मुद्दे. पाचव्यापुढे लिहिलं – ही नोंद खोटी असून ती माझी आहे. इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर उघडून गरम करून तपासावा, मी सोडून कोणीही. माझ्या सुवाच्या प्रमाणपत्राची प्रत जोडली. काढून घेतलं तर घेतील.

बिसुनकाकांनी पत्र वाचलं. स्वल्पविराम एक बदलायला सांगितला. आज मला एकही गाडी दिली नाही. झाडू दिला.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

एपारामाला पाठवलेला निरोप, जसाच्या तसा.

"शब्द मोडला. शनिवारी सकाळी मकेरेताकाकू आणि त्यांचं गाव मामाकडे येत आहेत, आजोबांचा तांबुआ परत घेऊन. मीही येते आहे, पण यावेळी त्यांच्याबरोबर. दारातून वाकून येईन, तुमच्या समोर बसेन. तुम्ही घरी असाल का आणि मला आत घ्याल का, ते गुरुवार संध्याकाळपर्यंत कळव."