शेमंदाची पूर्व

लाँचवर, कोरोस्कोचं वळण
३ फेब्रुवारी १९७२

ती. नाब्राताईस,
शाझलीचा सलाम. वि. वि. धरणाचं पाणी जिथवर चढलंय तिथवर सरकारी नकाशात नवा काठ आखायचं काम आपल्याच गावाशी, शेमंदाशी, आलंय. कैरोहून आलेल्या आमच्या बस्यूनीसाहेबांचा नियम साधा आहे: पाण्यावर उरलं त्याचं नाव ठेवायचं, बुडालं त्याचं खोडायचं. मी छाती ठोकून सांगितलं की शेख ओवेसच्या दर्ग्याची टेकडी पूर्वकाठाला आहे, ती बुडणं शक्य नाही. सगळा पूर्वकाठ पालथा घातला, नुसतं पाणी! आता १२ तारखेला, शनिवारी, शेमंदाचं नाव खोडणार. अम्माला कळवू नकोस. गाव उठवून तुम्हाला कोम ओम्बोला हलवलं, तेव्हा तिचा माझ्या जन्माचा नवस तिथंच फेडायचा राहिलाय.
माया असू दे.
तुझा शाझली

कोम ओम्बो
७ फेब्रुवारी

चि. शाझलीस,
अनेक आशीर्वाद. माझ्या पोटात काही राहतं का? अम्माला सांगितलं. ती रडेल म्हणून पाणी घेऊन बसले, तर ती खो खो हसत सुटली. विचारते, पूर्व कुणाची सांगितलीस, नदीची की होकायंत्राच्या डबीतल्या काट्याची? अरे शहाण्या, आपण नदीच्या उजव्या काठाला पूर्व म्हणतो, पण त्या वळणावर नदी उलटी फिरते. आपल्या पूर्वकाठाच्या घरांमागे सूर्य मावळायचा, विसरलास? घरच्या पाण्यावर गेलास आणि घरची दिशा बोललास. कैरोचा माणूस बिचारा काट्यामागे धावला! पत्र टपालबोटीच्या सारंगाच्या हातीच देतेय. लगेच पश्चिमेला जा.
तब्येत सांभाळ, आणि डोकंही.
नाब्रा

लाँचवर
१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सलाम. सापडली! टेकडीचं बेट झालंय, पण शेखचा घुमट चुन्यासकट शाबूत आहे. मी लहान पोरासारखा ओरडलो. साहेब आधी भडकले, मग स्वतःच हसले आणि नाव लिहायला लेखणी माझ्या हाती दिली. अक्षर बरं आलंय: शेमंदा बेट. अम्माला माझ्या वतीने मिठी मार.
शाझली

कोम ओम्बो
१७ फेब्रुवारी

चि. शाझलीस,
आशीर्वाद. तुझं पत्र वाचताच अम्माने अशी ललकारी दिली की गल्लीतल्या साऱ्या बायका धावत आल्या. दुपारपर्यंत खजूर वाटून संपले. मग ती गुपचूप उठून धरणावरच्या बंदरावर गेली. तिथल्या कारकुनाला म्हणाली, गाव सरकारी नकाशात आहे, तेव्हा शेमंदाचं तिकीट दे. तो नाही म्हणतोय, ती हलत नाही. नवसाची बकरीही सोबत नेलीय. तुझी लाँच घेऊन ये बाबा, लवकर.
वाट पाहणारी,
नाब्रा