आठ दिवस बिनहाताचं पाणी

दि. ४ मार्च

चि. टिल्लूस आजीचे पोटभर आशीर्वाद. सांगणारी मी, लिहिणारी तुझी आई.

गच्चीवर ठिबकच्या नळ्या अंथरल्यास, बारा कुंड्यांना बारा ड्रिपर टोचलेस, टायमर बसवलास आणि फिल्टर तेवढा आपल्याच पिशवीत घालून परत नेलास! लहानपणी दप्तर घरी ठेवून शाळेत जायचास, तेव्हाच मी म्हटलं होतं, ह्याचं डोकं मानेला चिकटलंय म्हणून बरं. तुझी आई विचारते, हेही लिहू का. लिही म्हटलं.

पिंपातला गाळ चौथ्याच दिवशी ड्रिपरांत अडकला. पाच बंद. शेवटी मी नळीच्या तोंडाला चहाची गाळणी बांधली. चहा आता फडक्याने गाळतो आणि तुझे बाबा तो तोंड वाकडं करून पितात. शिवाय प्रत्येक ड्रिपरखाली एकेक कप ठेवला. पहिला काठोकाठ, बारावा अर्धासुद्धा नाही. तुझ्या इंजिनिअरच्या पदवीला भोकं पाडून गाळणी होईल का, ते कळव.

तुझी अट लक्षात आहे. आठ दिवस कुणी हात न लावता बाग जगली, तर मी तुझ्याकडे येऊन मोतीबिंदू काढायचा. कबूल. बाग जगत नाही, मी येत नाही.

लोभ पिंपासारखा भरलेला ठेव.
आजी

दि. ११ मार्च

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

फिल्टर सोबत धाडतोय. पिंपाच्या नळाला आधी फिल्टर, मग टायमर. फिल्टरवरचा बाण पाणी जातं त्या दिशेला हवा. बंद ड्रिपर पाण्यात भिजवून धुवा, सुई खुपसू नका, भोक मोठं होतं. पिंप दोन विटांवर आहे, ते रिकामं करून आठ विटांच्या ओट्यावर चढवा, म्हणजे पाण्याचा जोर बाराव्या कुंडीपर्यंत पोचेल. दर आठवड्याला नळीच्या टोकाची टोपी काढून गाळ वाहू द्या.

तुझी कपांची परीक्षा ऑफिसात सांगितली. साहेब म्हणाले, आजींना आणा, तुम्ही घरी बसा.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सतरा एप्रिल ही तारीख दिली आहे. मोतीबिंदू आणखी पिकू दिलात तर काढणं अवघड, असं त्यांनी बजावलंय. आजी, हे हसण्यावारी नेऊ नकोस.

मायेत गळती नसावी.
तुझा टिल्लू

दि. २८ मार्च

चि. टिल्लूस अ. आ.

पिंप चढलं. सहा दिवस झाले, बाराही कप सारखे भरतात. पण नाचू नकोस. कोपऱ्यातलं तेरावं झाड तू मोजलंच नाहीस! बिचारं मान टाकून उभं आहे. रोज मीच मगभर पाणी घालते. बाग म्हणजे सगळी बाग. पैज हरलास, राजा.

हरलास तरी राग नसावा.
आजी

ता. क. हे आजीने सांगितलेलं नाही. तेरावं झाड नाहीच. काठीवर मी वाळत घातलेलं फरशी पुसायचं हिरवं फडकं आहे ते. एकदा काढून ठेवलं, तर झाड चोरलं म्हणून आजी शेजारच्या शिंपिणीशी तासभर भांडली. गुपचूप परत लावलं. आता रोज पिळते आणि लावते. काय करू, कळव. – आई

दि. २ एप्रिल

ती. आजीस सा. न. वि. वि.

हरलो. तेराव्या झाडासाठी ड्रिपर आणि हातभर नळी पाठवतोय. डॉक्टरांची तारीख मात्र सोडलेली नाही.

आई, पुढचं मोठ्याने वाचू नकोस. फडक्याला ड्रिपर लावून टाक. आजी हरली तर रुसून बसेल, जिंकली तर कदाचित येईल.

दोघींचा लोभ हवाच.
टिल्लू

दि. ८ एप्रिल

चि. टिल्लूस आ.

मला अक्षर कळत नाही, पण पेन ऐकू येतं. मागच्या पत्रात मी गप्प बसल्यावरही ते बराच वेळ कुरकुरत होतं. तुझं पत्र वाचताना तर तुझी आई मध्येच खोकली. खोकला खोटा होता. दरडावलं, तेव्हा सगळं वाचून दाखवलं.

वर जाऊन तेराव्या झाडाचं पान चाचपलं. काठाला शिवण लागली. शिंपिणीकडे गेले, माफी मागितली. ती बया इतकी हसली की तिच्या हातची सुई पडली. मग मीही हसले. ते कपसुद्धा मी बोट बुडवून मोजले होते रे, बघून नव्हे.

आता खरं सांगते. कापाकापीची भीती नाही. पट्टी सुटली आणि तरी असंच धुकं दिसलं, तर? मग कुंड्यांची सबब कुणाला सांगू? न जाण्यात निदान आशा शाबूत होती.

पण तुझे ड्रिपर आठ दिवस चालले. बाराही कुंड्या टवटवीत आहेत, मी पान न् पान चाचपलंय. शब्द म्हणजे शब्द. पंधरा तारखेला तुझ्या आईला घेऊन निघते. टोपी उघडून गाळ काढायचं काम तुझ्या बाबांना दिलंय.

आशीर्वाद आहेतच, धीर तेवढा तू दे.
आजी

ता. क. पट्टी सुटेल त्या दिवशी दवाखान्यात संत्री आण. सोलून नको. आधी बघेन, मग खाईन.