तेल संपण्याचा सराव

बाबा,

गेल्या रविवारी जेवताना माझ्या मुलीने तुमची बाजू घेतली आणि मी ताटावरून उठले. तिने तुम्हाला पाहिलेलं नाही. तुम्ही गेलात त्यानंतर दोन वर्षांनी ती जन्मली. आता वीस वर्षांची आहे, बॅटऱ्यांवर काहीतरी शिकते, आणि तिच्या लेखी आजोबा म्हणजे भिंतीवरचा हारातला फोटो. त्या फोटोतल्या माणसाबद्दल ती सुरमईचा काटा काढता काढता म्हणाली, "आई, आजोबा बोलायचे ते होणारच आहे गं. तेलाचं उत्पादन एक दिवस शिखर गाठणार आणि मग खालीच येणार. फक्त त्यांचं टायमिंग गंडलं." टायमिंग. तुमच्या त्या टायमिंगवर माझं आयुष्य गेलं, आणि ही पोर त्याबद्दल क्रिकेटमधल्या फटक्यासारखं बोलते. हात धुऊन मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. तेव्हापासून डोकं ठणकतंय, म्हणून आज ऑफिसला दांडी मारून भर दुपारी लिहायला बसलेय. तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये, हे आधीच सांगून ठेवते.

तुम्ही चौदा दिवस समुद्रात असायचात आणि चौदा दिवस कांदिवलीत. जुहूहून हेलिकॉप्टर तुम्हाला तेलाच्या प्लॅटफॉर्मवर घेऊन जायचं आणि पंधराव्या दिवशी परत आणून सोडायचं. घरी आलात की पहिले दोन दिवस तुमच्या अंगाला डिझेलचा आणि कॅन्टीनमधल्या मटणाचा वास यायचा. तिथे तुमचं काम विहिरींचे नमुने घेण्याचं. समुद्राच्या तळाखालून जे वर येतं त्यात तेल किती आणि पाणी किती, हे बाटलीत धरून बघायचं आणि लिहायचं. विहीर नवी असली की बहुतेक तेलच येतं, वर्षं सरतात तसं पाणी वाढत जातं. एकदा रिकाम्या सरबताच्या बाटलीत पाणी आणि त्यावर आईचं खोबरेल ओतून तुम्ही मला ते दाखवलं होतंत. दर खेपेला पाण्याची रेघ थोडी वर. मग कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एक टेकडी काढलीत. एका बाजूने चढ, वर माथा, दुसऱ्या बाजूने उतार. पेन्सिल माथ्यावर टेकवून म्हणालात, "आपण हय आसंव. आता फकत उतार. आडातच नाय तर पोहऱ्यात खयसून येतला?" मी दहा वर्षांची होते. त्या टेकडीला मी घाबरले, हे तुमच्या लक्षात आलं, आणि तुम्हाला ते आवडलं. पोरगी हुशार आहे, असं तुम्ही आईला सांगितलंत.

तुमच्या विहिरी खरोखरच म्हाताऱ्या होत होत्या. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण शितावरून भाताची परीक्षा करतात ती एकाच भांड्यातल्या भाताची. तुम्ही आमच्या भांड्यातलं शीत दाबून साऱ्या गावाची पंगत उठली असं जाहीर केलंत. आणि नुसतं जाहीर करून थांबला असतात तरी चाललं असतं. मुंबईत विक्षिप्त बापांची कमी नाही. तुम्ही सराव सुरू केलात.

तुम्ही घरी असलात की शनिवार सरावाचा. सकाळी उठून सिलेंडरचा रेग्युलेटर काढायचात आणि स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवायचात. दिवसभर तेलाचं काही नाही. गॅस नाही, रॉकेल नाही, रिक्षा नाही, बस नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या हातभर गॅलरीत आई भुशाच्या शेगडीवर स्वयंपाक करायची. खालच्या सुताराकडून पोतं भरून भुसा मी आणायची, आणि शेगडीत मधोमध बाटली उभी धरून तिच्याभोवती तो ठासायचं कामही माझंच. बाटली अलगद वर काढली की मध्ये भोक राहायचं आणि त्यातून जाळ यायचा. जाळ थोडा, धूर जास्त. वरच्या मजल्यावरच्या गुजराती काकू खिडक्या लावून घ्यायच्या. पंखा मात्र चालू असायचा, कारण वीज ट्रॉम्बेला अणूतून येते असं तुम्ही ठरवून टाकलं होतंत. ट्रॉम्बेला अणूचं संशोधन होतं, आणि आमच्या पंख्याची वीज बहुधा कुठेतरी कोळसा नाहीतर तेलच जाळून येत होती, हे मला फार उशिरा कळलं. तुम्हाला सांगायची सोय नव्हती, तुम्ही फोटोत जाऊन बसला होतात.

एका शनिवारी आईने तोंड उघडलं. डोळे लाल, पदर नाकाला. "त्याल संपतला तेवा संपतला," ती म्हणाली. "आज माझो गॅस कित्याक बंद करतास?"

"अंगाक सवय होयी," तुम्ही पेपरातून मान वर न करता म्हणालात.

"मगे तुमी बसा धुरात. माझ्या अंगाक नको ती सवय."

तुम्ही धुरात बसला नाहीत. तुम्ही पंख्याखाली बसून शेगडी पेटायला किती वेळ लागतो ते घड्याळात बघत होतात. आता आई माझ्याकडे असते, बोरीवलीला. तिच्या उशाशी श्वासाचा पंप असतो. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी विचारलं, आजी, गावाला चुलीवर स्वयंपाक केलात का बरीच वर्षं? आई म्हणाली, "गावाक नाय, कांदिवलीक." डॉक्टरांना वाटलं आजी भ्रमिष्ट झाल्यात. त्या खुर्चीत बसल्या बसल्या मी तुम्हाला मनातल्या मनात जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

तुम्ही असे का झालात, ते मला माहीत आहे. माझे आजोबा, म्हणजे तुमचे वडील, गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा ती पुन्हा चालू होणार, असं त्यांना सगळ्यांनी सांगितलं, आणि त्यांनी ते मानलं. वर्षानुवर्षं ते सकाळी आंघोळ करून खिशात पास ठेवून गिरणीच्या दारापर्यंत जाऊन यायचे. दारावर झाडं उगवली तरी जायचे. त्यांना वेळेत कुणी सांगितलं असतं की हा धंदा गेला, तर त्यांनी दुसरं काही बघितलं असतं, हे तुमच्या मनाने घेतलं. चांगलं आहे. पण बाबा, दुधाने तोंड पोळलं म्हणून माणूस ताक फुंकून पितो ते स्वतःचं. तुम्ही माझ्या हातातला पेलाच काढून घेतलात.

तो दिवस सांगते. तुम्हाला आठवत असेल की नाही, कोण जाणे. मी बारावी झालेली. पेट्रोलियम इंजिनिअरिंगला नंबर लागला होता. आमच्या वर्गातल्या दोघींचाच लागला, आणि माझा त्या दुसरीच्या आधी. मला तो कोर्स का हवा होता ते तुम्ही कधी विचारलं नाहीत. तुम्ही दर पंधरवड्याला जिथे नाहीसे व्हायचात, ती जागा मला बघायची होती. एवढंच. आई ओट्यावर बांगडे साफ करत होती, तुम्ही दाराशी स्टुलावर. मी फॉर्म पुढे केला. तुम्ही चष्मा लावून पहिली ओळ वाचलीत आणि चष्मा काढलात.

"ह्या नको."

"का पण? नंबर लागलाय बाबा. तुमच्याच लाइनीतलं आहे ना."

"म्हणानच सांगतंय. तू चाळीस वर्षांची होशील तेव्हा हा धंदा राहणार नाय. बी.कॉम. कर. बँकेत लाग, विम्यात लाग. लोक मरायचे थांबणार नाहीत."

"चेडवाचो नंबर लागलो आसा," आई पाठ न वळवता म्हणाली. "जांव दे तिका."

"तू मासळी बघ. माझो बापूस गिरणीच्या दारात बसान बसान मेलो. हिका मी थय बसूक देवचंय नाय." आणि सही न करता फॉर्म माझ्या हातात परत दिलात. दोन दिवसांनी तुमचं हेलिकॉप्टर उडालं. तुमच्या खेपेच्या नवव्या दिवशी फॉर्म भरायची मुदत संपली.

मी बी.कॉम. केलं. अंधेरीच्या एका विमा कंपनीत लागले आणि आजही तिथेच आहे. कुणाची गाडी ठोकली, कुणाच्या दुकानाला आग लागली, त्याची कागदपत्रं तपासते. काम वाईट नाही. पण रोज सकाळी चहाबरोबर मी आधी काय वाचते, सांगू? तेलाची बातमी. तुम्ही गेल्यापासून एक दिवस चुकलेला नाही. कुठे खडक फोडून तेल काढायची नवी रीत सापडली, कुठे आणखी खोल समुद्रात साठा मिळाला, असं आलं की माझा दिवस झकास जातो. किती वेळा शहाण्यांनी सांगितलं की आता माथा आला, यापुढे उतार. दर वेळी तेल त्यांना पाणी पाजून वर गेलं. आमच्या सोसायटीत माणसी एक गाडी आहे, लावायला जागा नाही म्हणून सेक्रेटरीच्या मिटिंगा होतात, आणि त्या रांगांकडे बघून मला बरं वाटतं. वडिलांच्या श्राद्धाला दुसऱ्या बायका ब्राह्मण जेवू घालतात. तुमच्या श्राद्धाला मी आईसाठी पान वाढते, कावळ्याला घास ठेवते, आणि मग गाडी काढून पंपावर जाते आणि सांगते, फुल्ल कर. दर वर्षी. मुलीला वाटतं योगायोग आहे.

म्हणून रविवारी माझं डोकं फिरलं. रात्रीपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच आली. "आई, आजोबांचं कारण चुकीचं होतं गं. तेल संपणार नाहीये. आपल्या बिल्डिंगमध्ये रॉकेलचा डबा कुणाकडे आहे सांग बघू. रॉकेल काय संपलं म्हणून गेलं? लोकांना नको झालं म्हणून गेलं. तसंच होणार. हळूहळू नकोसं होईल, मग काढणंही कमी होईल, बाकीचं राहील जमिनीत."

"आणि विमानं? डांबर? तुझी ही प्लास्टिकची बाटली?"

"म्हणून तर वेळ लागेल. कुणी म्हणतं लवकर, कुणी म्हणतं अजून बरीच वर्षं वर जाईल. कधी ते खरंच कुणाला माहीत नाही. तू एवढी का चिडतेस यार?"

मी का चिडते? कारण ती म्हणते तसं झालं तर तुमची टेकडी जशीच्या तशी कागदावर उतरेल, चढ, माथा, उतार, आणि पेपरात ती बघून तुमच्या ओळखीतला एखादा म्हातारा म्हणेल की तो मालवणी माणूस बोलला होता. चुकीच्या कारणाने तुम्ही बरोबर ठराल. आईचा पंप उशाशी तसाच राहील आणि तुम्ही बरोबर ठराल. मला ते चालणार नाही. मी सेहेचाळीस वर्षांची आहे बाबा. तुमच्या हिशेबाने तो धंदा सहा वर्षांपूर्वीच बुडायला हवा होता. बुडालेला नाही.

कसं माहीत, तर गेल्या महिन्यात बोरीवली स्टेशनबाहेर भाजी घेताना ती भेटली. वर्गातली दुसरी. केस पांढरे, हसणं तेच. अजून त्याच कामात आहे, वर्षातले सहा महिने कुठल्या ना कुठल्या समुद्रात. तिने माझा हात धरला आणि सरळच विचारलं, "काय गं, तू का नाही आलीस तेव्हा? मी पहिल्या दिवशी तुला शोधत होते."

"बाबांनी सही केली नाही."

"सही? ती कुठे लागत होती? अठरा पूर्ण असतील तर नाही लागायची. माझ्या पपांना तर मी ॲडमिशन घेऊन आल्यावर सांगितलं."

"अगं, मला माहीतच नव्हतं," मी म्हणाले. तिला फार वाईट वाटलं. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मी तो फिरवू दिला.

मला माहीत होतं. त्या अकरा दिवसांत मी तो फॉर्म इतक्या वेळा वाचला होता की पाठ झाला होता. पालकाची सही, उमेदवार अठरा वर्षांखालील असल्यास. मला अठरा पूर्ण होऊन दोन महिने झाले होते. नवव्या दिवशी तुम्ही समुद्रात होतात, आईने न विचारता माझ्या पर्समध्ये पोळीभाजी ठेवली होती, मी चर्चगेटपर्यंत गेले, फॉर्म घेण्याच्या खिडकीसमोरच्या रांगेत उभी राहिले. माझ्यापुढे चार जण असताना मी बाहेर पडले. तुम्हाला घाबरून नाही. घाबरण्याएवढे तुम्ही घरी नसायचातच. मला ती टेकडी दिसत होती. मला तुमचं पटलं होतं, बाबा. तुम्ही म्हणालात तेल संपणार, आणि मी ते खरं मानलं.

मुलगी आता येईल. तिला मी लहानपणापासून सांगत आलेय की तुम्ही मला अडवलंत. हे पत्र फाडीन. तिने पुन्हा विचारलं, तर तेच सांगेन.