कसंतरी यादीत नाही

२ जून
वॉर्डच्या इन्चार्जची जागा रिकामी झाली. लायक माणूस एकच, तो सध्या हे लिहितो आहे. मॅट्रनबाईंनी नर्सिंग नोंदींची प्रमाण शब्दावली माझ्याकडे सोपवली. शहाण्याला शब्दाचा मार. महिनाअखेर नोंदींचं ऑडिट. संकल्प: वॉर्डात मनचे शब्द बंद. ‘बरा आहे’, ‘कुरकुरतो’ हद्दपार.

३ जून
शब्दांची यादी भिंतीवर लावली. दुपारी तिच्यावर कुणीतरी रजांचं वेळापत्रक चिकटवलं. मत्सर, दुसरं काय.

७ जून
चार नंबरचे आजोबा म्हणाले, कसंतरी होतंय. सिस्टरनी तसंच लिहिलं. मी लाल पेनने खोडलं. कसंतरी यादीत नाही. आजोबांना पर्याय दिले: मळमळ, चिंता, थकवा. म्हणे तसं नाही हो, कसंतरीच. सहकार्य शून्य.

८ जून
झोप लागत नाही. नुसता या कुशीवरून त्या कुशीवर. बायको म्हणाली, डोकं उठलंय. विचारलं, ठणका की दाब, दहापैकी किती? म्हणाली अकरा, आणि कारण शेजारीच पडलंय. अकरा ग्राह्य नाही, असं सांगितलं. तेव्हापासून अबोला.

१५ जून
आजोबांना पुन्हा कसंतरी. यादी काढली. ‘थकवा’ की ‘अस्वस्थता’, ठरेना. तेवढ्यात सिस्टरनी बोटाला सुई टोचून साखर बघितली. फार उतरली होती. ग्लुकोज पाजल्यावर आजोबा उठून बसले. मी घाबरलो होतो. सिस्टर म्हणाल्या, गेल्या वेळी कसंतरी म्हणाले तेव्हाही साखरच उतरली होती, तुम्ही खोडलेलं वाचून आठवलं.
खोडलेलं वाचता येतं म्हणजे पेन हलकं. नवीन आणणे.

२९ जून
उद्या ऑडिट. लग्नाच्या आदल्या दिवशीही इतकी घालमेल नव्हती. जेवण गेलं नाही. युनिफॉर्मला दोनदा इस्त्री केली. तिसऱ्यांदा करायला नको होती. खिसा करपला.

३० जून
ऑडिटच्या बाई आल्या. सकाळपासून पोटात काही नाही. स्वागताला पुढे झालो आणि दरदरून घाम फुटला, पलंगाचा दांडा धरला. मॅट्रनबाईंनी विचारलं, काय होतंय? अख्खी यादी तोंडपाठ. तोंडातून निघालं, कसंतरी होतंय.
आजोबा पलंगावरून म्हणाले, आता कळलं?
मला पाच नंबरवर आडवं केलं. सिस्टरनी साखर बघितली, ग्लुकोज पाजलं, माझा केसपेपर केला. वर अवतरणात माझं ‘कसंतरी’, खाली यादीतला शब्द. ऑडिटच्या बाई खूश. म्हणाल्या, आधी पेशंटचा शब्द, मग आपला. वॉर्डात धड नोंद ही एकच. बाकीच्या कुणी खोडल्या?
सगळे पाच नंबरकडे बघत होते.

१ जुलै
सिस्टर इन्चार्ज झाल्या. असो. पैकीच्या पैकी मिळालेली नोंद मुळात माझी. कसंतरी होणारा मी, शब्द माझा, त्यांनी फक्त उतरवून घेतला. हे मॅट्रनबाईंच्या कानावर घालणे.
संध्याकाळी बायकोने आपणहून विचारलं, काय झालं? सांगायला गेलो तर एकही शब्द सापडेना. तीच म्हणाली, कसंतरी होतंय का? मान हलवली. ती पाणी घेऊन शेजारी बसली.
दहापैकी किती, ते तिने विचारलं नाही.