शेवटी भिंत आहे का?

ओहायो, १० जानेवारी २०१७

ग्लेन बाळा,

आम्ही बरे आहोत, तूही बरा असशील. पत्रात असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. मी आठवीपर्यंतच शिकले, तेव्हा चुका काढत बसू नकोस.

आपला क्रॉसफील्ड मॉल अठ्ठावीस तारखेला बंद होतोय. पाडून गोदाम करणार म्हणे. फोनवर तू म्हणालास, "आई, जुनी इमारत आहे, पाडू दे की." तुझं काय जातंय! तो बांधला तेव्हा बोटं मोडणारी मीच होते. मक्याचं चांगलं शेत गेलं, गावातली दुकानं एकेक करून बसली. पण मग सगळं तिथेच व्हायला लागलं. मतदान तिथे, रक्तदान तिथे, तुमच्या शाळेची नाताळची गाणी तिथे. सांताच्या मांडीवर बसवलं तर तू त्याच्या विजारीवर मुतलास. हिमवादळात वीज गेली तेव्हा अर्धं गाव त्या कारंज्याभोवती झोपलं. शेजारची व्हर्ना रात्रभर घोरली, अजून कबूल करत नाही. आता कारंजं कोरडं आहे. दुकानं उरलीत ती चष्मेवाल्याची आणि नखं रंगवणारीची.

पण सकाळी सातला दार उघडतात, ते आम्हा म्हाताऱ्यांसाठी. बाहेर बर्फ, म्हणून पांढरे बूट घालून आम्ही व्यायामाला आतल्या आत चालतो. टोकाच्या बंद दुकानाची भिंत हाताने शिवायची आणि मागे वळायचं. न शिवता वळला तो लबाड. तुझे बाबा रोज शिवतात.

बाबा मजेत आहेत.

म्हणजे जेवतात, झोपतात. मला कधी कधी 'बाई' म्हणतात. परवा विचारलं, "बाई, तुमचे मालक कुठे असतात?" म्हटलं, "मूर्ख आहे तो, चालायला गेलाय." खूप हसले. घरातलं न्हाणीघर त्यांना सापडत नाही, पण मॉलमध्ये कधी चुकले नाहीत.

तुझ्याच सांगण्यावरून गेल्या आठवड्यात त्यांना त्या नव्या बाजारात नेलं. दोन्हीकडे झगमगीत दुकानं, वर उघडं आभाळ. मी कॉफी घ्यायला वळले, बाबा चालत राहिले. भिंत आली की वळायचं, एवढंच त्यांना ठाऊक. भिंत आलीच नाही. हमरस्ता आला. ट्रकवाल्याने करकचून ब्रेक दाबला आणि मला शिव्या घातल्या. मीही घातल्या. बाबा हात पुढे करून उभे होते, ट्रकला शिवायला.

मी धावले ती बर्फावर आपटले. 'जरा लचकलंय' म्हणून तुला सांगितलं ते खोटं. गुडघा मोडलाय, पाय प्लॅस्टरमध्ये आहे. सध्या व्हर्ना त्यांना नेते, पण तिची जीभ पायांपेक्षा जोरात चालते. काल येऊन म्हणाली, "लोरेटा, आज तो मला स्वतःची आई समजला गं!" म्हटलं, "दिसतेसच तशी."

तू त्या वृद्धाश्रमाचं काढलंस की मी फोन आपटते. अजूनही तोंडातून हो निघत नाही. पण अठ्ठावीसच्या आधी ये. आश्रमाचे कागद घरी ठेव, चालायचे बूट आण. एक सकाळ त्यांच्याबरोबर चाल, तूही भिंत शिव. मग बोलू.

आणि निघण्याआधी त्या आश्रमवाल्यांना एवढं विचारून ये: आतला व्हरांडा किती लांब आहे, आणि शेवटी भिंत आहे का? दार नको. भिंत.

तुझी, एका पायावर उभी,
आई